नोकरीच्या अर्जावरचं नाव झाकावं का?

पाणवठा
नोकरभरतीत पहिली चाळणी लावायचं काम मी करतो. एका अर्जावर नजर फार तर अर्धा मिनिट टिकते. सगळ्यात आधी दिसतं ते वर ठळक छापलेलं नाव-आडनाव, शेजारचा फोटो, खाली पत्ता. शिक्षण आणि अनुभवापर्यंत पोहोचेतो वाचणाऱ्याचं मत बनलेलं असतं. "हा आपल्या टीममध्ये रुळेल का?" असं शेजारून कुणी विचारतं, तेव्हा त्याचं बोट अनुभवाच्या रकान्यावर नसतं, नावावर असतं. उत्तर "बघू" आणि अर्ज बाजूच्या गठ्ठ्यात. त्या गठ्ठ्यातली आडनावं मी वाचली आहेत, म्हणून हा धागा.

हा माझ्या एकट्याचा समज नाही. अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात आणि समाजशास्त्रज्ञ पॉल अटेवेल यांनी वर्तमानपत्रांतल्या खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले, फरक फक्त नावात. २००७ साली निष्कर्ष आले: सवर्ण हिंदू नावाच्या तुलनेत दलित नावाच्या अर्जाला होकार येण्याची शक्यता साधारण दोन तृतीयांश, मुस्लिम नावाच्या अर्जाला जेमतेम एक तृतीयांश. हे सगळे पदवीधर उमेदवार होते. "शिका, मग भेदभाव आपोआप जाईल" म्हणणाऱ्यांनी हे जरूर वाचावं.

माझं म्हणणं असं: पहिल्या चाळणीत नाव, फोटो, पत्ता, धर्म काहीच दिसू नये, फक्त क्रमांक दिसावा. बोर्डाचा पेपर तपासणाऱ्याला आसन क्रमांक पुरतो, तसा इथेही पुरेल. तुम्हाला काय वाटतं?

उंबरठा
पूर्ण असहमत. माझा छोटा व्यवसाय आहे, हाताखाली मोजकी माणसं. त्यांच्या हातात मी गल्ला देतो, ग्राहकांच्या घरी पाठवतो. माणूस निवडताना ओळखीतून चौकशी करतो, त्यात जात-धर्म नसतो, भरवसा असतो. उद्या नाव झाकलेला कागद हातात देऊन "यातून निवडा" म्हणाल, तर चौकशी कुणाची करू? आणि पैसा माझा, तोटा झाला तर तोही माझा. मग निवडही माझीच हवी.

सायसाखर
@उंबरठा, ओळखीतून चौकशी म्हणजे नेमकं काय, याचा विचार करा. तुमच्या ओळखीतली माणसं कोण? बहुतेक तुमच्याच नात्यागोत्यातली, तुमच्याच वस्तीतली. मनात काहीही वाईट नसताना दार मूठभर लोकांनाच उघडं राहतं. ज्यांच्या घरात कधी कुणाचा धंदाच नव्हता, त्यांच्यासाठी शब्द टाकणार कोण?

उंबरठा
मुद्दा पोहोचला. पण त्यावर उपाय म्हणून माझ्या गल्ल्यावर अनोळखी माणूस बसवा, हे पटत नाही.

कोरडवाहू
मी पाणवठांच्या बाजूचा आहे, पण उपाय मला कच्चा वाटतो. फ्रान्सने २००६ मध्ये पन्नास किंवा त्याहून जास्त कर्मचारी असलेल्या कंपन्यांसाठी निनावी अर्जाचा कायदा केला. अंमलबजावणीचा आदेश निघालाच नाही, आणि २०१५ मध्ये सक्तीच काढून टाकली. मधल्या काळात तिथे प्रयोग झाला, त्याचा निकाल उलटा आला: नाव झाकल्यावर स्थलांतरित कुटुंबांतल्या उमेदवारांना मुलाखतीची बोलावणी कमी झाली.

याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. प्रयोगात आपणहून आलेल्या कंपन्या बऱ्यापैकी मोकळ्या मनाच्या होत्या. नाव-पत्ता दिसत होता तेव्हा त्या उमेदवाराच्या परिस्थितीचा विचार करत असाव्यात. शिक्षणात दोन वर्षांचा खंड दिसला तर समजून घेत असाव्यात. सगळं झाकल्यावर तो खंड नुसता खंड उरला. नावाबरोबर माणसाची परिस्थितीही झाकली जाते, हे लक्षात घ्या.

नीलफर
मी मुस्लिम आहे, हिशेबाच्या कामात आहे. मुलाखतीत मला विचारलं गेलं, "रोजे ठेवता का? त्या महिन्यात कामावर परिणाम होतो का? घरचे उशिरापर्यंत थांबू देतात का?" हिशेबावरचे प्रश्न सगळ्यात शेवटी आले, आणि तेही उरकल्यासारखे. म्हणजे नाव झाकलंत तरी मुलाखतीला मी माझं नाव घेऊनच जाणार.

तरीही मला झाकलेला अर्ज हवा. आत्ता मला नाकारणाऱ्याला माझं तोंडही बघावं लागत नाही. मी समोर बसले, माझं काम दाखवलं, की काही जण तरी मत बदलतात. सध्याच्या नोकरीत मी अशीच आले.

सायसाखर
कायद्याचं थोडं. संविधानाचा अनुच्छेद १६ सरकारी नोकऱ्यांपुरता आहे. अनुच्छेद १५(२) दुकानं, उपाहारगृहं, विहिरी अशा ठिकाणी खासगी व्यक्तींनाही बांधतो, पण त्यात नोकरीचा उल्लेख नाही. अपंगांसाठी २०१६ चा आणि तृतीयपंथीयांसाठी २०१९ चा कायदा खासगी आस्थापनांनाही लागू आहे. जात किंवा धर्म बघून खासगी नोकरी नाकारली, तर दाद मागता येईल असा सर्वंकष कायदा आपल्याकडे नाही. मुस्लिमांच्या स्थितीचा अभ्यास करणाऱ्या सच्चर समितीने २००६ मध्येच समान संधी आयोगाची शिफारस केली होती. ब्रिटनमध्ये २०१० च्या समानता कायद्याखाली नाकारलेला उमेदवार न्यायाधिकरणात जाऊ शकतो. इथे त्याने जायचं कुठे?

पाणवठा
@कोरडवाहू, तो प्रयोग मोकळ्या मनाच्या कंपन्यांवर झाला, हे तुम्हीच सांगितलंत. मला काळजी बाकीच्यांची आहे. शिक्षणातल्या खंडाचं कारण उमेदवाराला लिहिता येईल असा रकाना अर्जात ठेवता येतो. त्यासाठी आडनाव लागत नाही.

@नीलफर, तुम्हाला विचारले गेले ते प्रश्न कुणालाच विचारता कामा नयेत. म्हणून दुसरी मागणी: मुलाखतीचे प्रश्न आधी लिहून काढावेत, सगळ्यांना तेच विचारावेत आणि नकाराचं कारण नोंदवावं. पन्नासहून जास्त माणसं असलेल्या ठिकाणांपासून सुरुवात करू. @उंबरठा, तुमचा गल्ला त्यात येत नाही.

उंबरठा
आज पन्नास, उद्या पाच होतील. प्रश्न लिहून ठेवायला माझी हरकत नाही, ते चांगलंच आहे. नोंदीची सक्ती मात्र नको. कारणं लिहायची म्हटली की सगळेच "अनुभव अपुरा" लिहून मोकळे होतील. ती नोंद तपासणार कोण?

नीलफर
ज्याला नाकारलं त्याला ती मागता यावी. माझा अनुभव अपुरा म्हणत असाल, तर ज्याला घेतलं त्याचा किती होता तेही त्याच कागदावर लिहा.