चरबी, मेद की वसा? स्तनातल्या गाठीभोवतीच्या टिश्यूला काय म्हणायचं

स्तनाच्या कॅन्सरवरचा एक लेख मराठीत करतेय. त्यात 'पेरिट्यूमरल अ‍ॅडिपोज टिश्यू' पदोपदी येतं आणि पुढे 'कॅन्सर असोसिएटेड अ‍ॅडिपोसाइट्स'. पहिल्याचं 'गाठीभोवतालची चरबी' केलंय पण खटकतंय, दुसऱ्याला काहीच सुचत नाहीये. 'परिअर्बुदीय वसा ऊतक' छाप काही नको प्लीज, पेशंट आणि घरच्यांनी वाचायचंय.

•

वसा नकोच. मराठीत वसा म्हटलं की घेतला वसा टाकू नये एवढंच आठवतं. हिंदी पुस्तकांत सरसकट वसा लिहितात म्हणून तो इकडे घुसतोय. आयुर्वेदात मेद हा सात धातूंपैकी चौथा, आणि वसा म्हणजे मांसातला स्नेह, म्हणजे तिथेही दोन्ही वेगळेच. टिश्यूला आपल्या शाळेच्या पुस्तकात ऊती आहे (ऊतक हिंदी), त्यामुळे मेदऊती आणि मेदपेशी. झालं की.

•

झालं कसं, खटकण्याचं कारण राहिलंच ना. चरबी हा मूळ फारसी शब्द, अर्थ नुसता स्निग्ध पदार्थ, पण मराठीत 'अंगात चरबी आलीय' म्हणजे माज. पेशंटला 'चरबीमुळे गाठ वाढते' म्हटलं की तिला ऐकू येतं, तू खाऊन खाऊन ओढवून घेतलंस. आणि ते चूकच आहे, कारण दूधग्रंथी, तंतुमय ऊती आणि मेद यांनीच स्तन बनतो, अगदी काटकुळ्या बाईचासुद्धा. गाठ वाढून ग्रंथीबाहेर पसरायला लागली की तिला शेजारी मेदच भेटणार. लठ्ठपणाचा मुद्दा आहेच, पाळी गेल्यानंतर होणाऱ्या स्तनाच्या कॅन्सरचा त्याच्याशी संबंध पक्का आहे, पण तो वेगळ्या वाक्यात लिहा. इथे मेद म्हणा.

•

+१ मेदला. आता दुसरा शब्द, 'कॅन्सर असोसिएटेड अ‍ॅडिपोसाइट्स', आणि खरी मजा तिथेच आहे, कारण या पेशी नुसत्या शेजारी बसलेल्या नसतात. कॅन्सरच्या पेशी जवळ आल्या की लगतच्या मेदपेशी आक्रसतात, आतला मेदाचा थेंब लहान होत जातो, त्यातून सुटलेली फॅटी अ‍ॅसिड्स कॅन्सरच्या पेशी उचलतात आणि इंधन म्हणून जाळतात, वर या मेदपेशी आयएल-६ सारखे दाह वाढवणारे रेणू सोडतात आणि पेशींभोवतीचं तंतूंचं जाळं कापणारी एन्झाइम्सही, मग गाठीला पुढे सरकायला वाट मिळते. लेप्टिन वेगळंच. १९९४ मध्ये ते सापडलं तेव्हा भूक आवरणारं हार्मोन म्हणून गाजलं, ते मेदपेशीच बनवतात, आणि स्तनाच्या कॅन्सरच्या पेशींवर त्याचे रिसेप्टर, म्हणजे त्याला पकडणारे रेणू, असतात. आणि अ‍ॅरोमाटेज! पाळी गेल्यावर अंडाशय थंडावतं तेव्हा मेदऊतीतलं हे एन्झाइम अँड्रोजेनपासून (पुरुषी हार्मोन, बायकांतही थोडं असतं) इस्ट्रोजेन बनवत राहतं, लेट्रोझोल अ‍ॅनास्ट्रोझोल या गोळ्या त्यालाच अडवतात. तर 'असोसिएटेड'ला 'संलग्न', 'संबंधित' हे सगळे मिळमिळीत. माझं मत: फितूर मेदपेशी.

•

फितूर भारी आहे, आपलीच माणसं आतून दरवाजा उघडतात तसं! पण लेखात नको. फितूर म्हटलं की हेतू आला, लाच आली. इथे गाठच त्यांना बदलवते, त्यांनी काही ठरवलेलं नसतं. शिवाय पेशंटला आपलंच शरीर गद्दार वाटायचं. 'कॅन्सरने बदललेल्या मेदपेशी' लिहा, लांबलं तरी कोणी कोणाला बदललं ते कळतं. फितूर एकदा अवतरणात टाका हवं तर.

अजून एक, 'स्तनातला मेद धोकादायक' असं सुटं वाक्य कुठेही जाऊ देऊ नका. मॅमोग्रामवर मेद काळसर दिसतो आणि ग्रंथी-तंतू पांढरे, आणि ज्यांचे स्तन दाट म्हणजे पांढरा भाग जास्त, मेद कमी, त्यांना उलट कॅन्सरचा धोका जास्त असतो. म्हणजे कॅन्सर होण्याआधी मेद किती आहे हा एक प्रश्न, आणि झाल्यावर लगतचा मेद कसा वागतो हा दुसरा. 'लगतचा' हा शब्द म्हणून सोडायचा नाही, 'भोवतालचा' पेक्षा तो बरा, खेटून असलेलं कळतं.

•

गाठीलगतची मेदऊती आणि कॅन्सरने बदललेल्या मेदपेशी, दोन्ही घेतले. शेवटचं एक, लेखात नमुन्याचा बायोप्सी रिपोर्ट दिलाय, त्यात 'ट्यूमर इन्फिल्ट्रेटिंग द अ‍ॅडिपोज टिश्यू' आहे. 'मेदात घुसखोरी' चालेल का?

•

नको हो ताई, घुसखोरी वाचून बाई रात्रभर झोपायची नाही. 'गाठीच्या पेशी लगतच्या मेदात शिरलेल्या आहेत' इतकंच. आणि त्याला जोडून लगेच लिहा की एवढ्यावरून स्टेज वाढत नाही. गाठीची टी-स्टेज (स्टेज ठरवताना मूळ गाठीला दिलेला टप्पा) मुख्यतः आकारावर ठरते, आणि छातीच्या भिंतीत किंवा त्वचेत पसरली असेल तर टी-४ होते, मेद त्यात धरत नाहीत. हे वाक्य पुढच्या परिच्छेदावर ढकलू नका, तिथपर्यंत कोणी वाचत नाही.