एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) कमी करायला सोयाबीनमधल्या आयसोफ्लेव्होन या घटकाच्या कॅप्सूल घ्याव्यात की सोयाबीनच खावं?

निशिगंध:
आईचं वय 56, पाळी जाऊन काही वर्षं झाली. एलडीएल 152 आलं म्हणून डॉक्टरांनी अॅटोरव्हास्टॅटिन 10 ही कोलेस्टेरॉलची गोळी लिहून दिली आहे, ती अजून सुरू केलेली नाही. थायरॉईडची गोळी, थायरॉक्सिन, आधीपासून चालू आहे. दुकानात 40 मि.ग्रॅ. आयसोफ्लेव्होनच्या कॅप्सूल मिळतात. त्यांच्यावर भागेल का? की रोज सोयाबीन द्यावं, आणि किती? तेल आम्ही सोयाबीनचंच वापरतो, ते यात धरायचं का?

आहारतक्ता:
तेल धरू नका. आयसोफ्लेव्होन तेलात उतरत नाहीत. गाळपात हेक्झेन या द्रावकाने तेल काढलं तरी ते पेंडेतच राहतात. म्हणून त्याच पेंडेपासून केलेल्या सोया वड्यांत ते भरपूर असतात. सोया सॉसमध्ये मात्र नावापुरते.

कॅप्सूलवर पैसे घालू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. अमेरिकन हार्ट असोसिएशनने 2006 मध्ये सगळे प्रयोग तपासले, तेव्हा नुसत्या आयसोफ्लेव्होनने एलडीएल हललं नाही. जो थोडा फरक पडला तो सोया प्रथिनांनी. रोज सुमारे 25 ग्रॅम सोया प्रथिनं घेतली तर एलडीएल साधारण 3 ते 4 टक्के उतरतं. म्हणजे 152 चं 146-147. अॅटोरव्हास्टॅटिन 10 ने हीच घट 30 टक्क्यांच्या पुढे जाते. तेव्हा गोळीऐवजी सोया हा विचार सोडा, गोळीसोबत सोया द्या.

आयसोफ्लेव्होन अगदीच बिनकामाचे आहेत असं नाही. त्यातले जेनिस्टीन आणि डेडझीन हे इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकाच्या बीटा रिसेप्टरला (पेशीत ते जिथे चिकटतं त्या जागेला) चिकटतात. त्यामुळे रक्तवाहिनीच्या अस्तरात नायट्रिक ऑक्साइड जास्त तयार होतं आणि वाहिनी सैलावायला मदत होते. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन कमी होतं, म्हणून त्या वयात याचा अभ्यास जास्त झाला आहे. पण सगळ्यांना सारखा लाभ मिळत नाही. डेडझीनचं इक्वॉल, म्हणजे त्याचं जास्त प्रभावी रूप, आतड्यातले जीवाणू करतात, आणि तसे जीवाणू जपानमध्ये निम्म्याहून अधिक लोकांत, तर पाश्चात्य देशांत साधारण पाव ते एक तृतीयांश लोकांतच सापडतात.

खरा लाभ सोया कशाच्या जागी येतं त्यावर ठरतो. मटण, पनीर, फरसाण यांच्या जागी आलं तर संपृक्त चरबी आपोआप घटते. तळलेलं सोया मंचुरियन खाऊन काही साधणार नाही.

मापं: कोरड्या वड्या 100 ग्रॅमला 52 ग्रॅम प्रथिनं, म्हणजे 30 ग्रॅम वड्यांत 15-16 ग्रॅम. बिनसाखरेचं सोया दूध एक पेला, साधारण 6-7 ग्रॅम. दोन्ही मिळून जवळपास काम होतं, उरलेलं पिठातून.

जातं_आणि_पीठ:
पिठाचं मी सांगतो, कारण चूक बहुतेक तिथेच होते. कच्चं सोयाबीन थेट दळायला देऊ नका. त्यातल्या ट्रिप्सिन रोधकामुळे प्रथिनं नीट पचत नाहीत, पोट फुगतं. शिवाय दाणा फुटून ओला झाला की लायपॉक्सिजनेज हे विकर जागं होतं आणि हिरवट, उग्र वास येतो. तो एकदा आला की जात नाही.

1 किलो निवडलेले दाणे 3 लिटर खळखळ उकळत्या पाण्यात टाका, थंड पाण्यात घालून तापवू नका. 25 मिनिटं उकळा, निथळा, कडक उन्हात खडखडीत वाळवा. मग 9 किलो गव्हात मिसळून दळा. एकटं सोयाबीन दळलं तर त्यातल्या 18-20 टक्के तेलाने जात्याचे दगड भरतात आणि पीठ चिकट येतं. एका वेळी पंधरा दिवसांचंच दळा, जास्त ठेवलं की खवट होतं.

डाळ करून वापरत असाल तर पाखडताना जपा. डाळ फुटते तेव्हा टोकाचा बारीक पिवळसर अंकुर सुटतो आणि टरफलाबरोबर उडून जातो. वजनाने तो दाण्याच्या जेमतेम 2 टक्के, पण आयसोफ्लेव्होन त्यात उरलेल्या दाण्यापेक्षा कितीतरी पट दाट असतात.

निशिगंध:
दोघांचे आभार. वड्या भिजवून पिळल्या तर सत्त्व जातं का? आणि थायरॉईडची गोळी?

आहारतक्ता:
पिळल्यावर थोडे आयसोफ्लेव्होन पाण्यात जातात, प्रथिनं राहतात. पिळाच, नाहीतर वास राहतो आणि घरात त्या कोणी खात नाही.

थायरॉक्सिनचं मात्र काटेकोर पाळा. सोयामुळे गोळी आतड्यात कमी शोषली जाते. सकाळी उपाशीपोटी गोळी, आणि सोया त्यानंतर किमान 4 तासांनी, म्हणजे सोया दूध न्याहारीला नको, दुपारी चारला द्या. पिठात सोया असेल तर न्याहारीची पोळी साध्या कणकेची करा. रोजचं प्रमाण सारखं ठेवा, एक दिवस भरपूर आणि चार दिवस काहीच नाही असं नको. डॉक्टरांना सोया सुरू केल्याचं सांगा आणि 6-8 आठवड्यांनी टीएसएच (थायरॉईडची रक्ततपासणी) तपासा. लिपिड प्रोफाइलही (कोलेस्टेरॉलची तपासणी) त्याच सुमारास, त्याच लॅबमध्ये करा.