झारचा चर्चवाला आर्किटेक्ट स्टालिनच्या काळात टिकला कसा?

रिकामटेकडा:
रविवारी मॉस्कोबद्दल वाचत बसलो होतो, त्यात अलेक्सेई श्चुसेव्ह हे नाव सारखं येत राहिलं. झारच्या काळात हा माणूस चर्च आणि मठ बांधायचा. राजघराण्यातल्या एलिझाबेथ बाईंनी मॉस्कोत मठ काढला तो ह्यानेच बांधला, आणि त्याच बाईंना बोल्शेविकांनी १९१८ मध्ये मारलं. पुढे सहा वर्षांत त्याच बोल्शेविकांसाठी हा लेनिनची समाधी बांधतोय! वर चार वेळा स्टालिन पुरस्कार, चौथा तर मेल्यावर. म्हणजे आपल्याकडचे वतनदार कसे, आज आदिलशाही उद्या मोगल, वतन शाबूत म्हणजे झालं, तसलाच प्रकार ना हा? की माझं काही चुकतंय?

टी_स्क्वेअर:
वतनदार म्हणा हवं तर, पण काम बघा हो त्याचं. लेनिन २१ जानेवारी १९२४ ला गेला आणि २७ ला पहिली लाकडी समाधी उभी होती, मॉस्कोतला जानेवारी, जमीन दगडासारखी गोठलेली, सुरुंग लावून फोडावी लागली. तीच कल्पना सुधारत सुधारत १९३० मध्ये ग्रॅनाइटमध्ये आली. ना क्रॉस, ना घुमट, ना पुतळा, नुसते एकावर एक पायऱ्यांसारखे ठोकळे. आयुष्यभर चर्च केलेल्या माणसाने हे काढलं, मला तर हेच जास्त भारी वाटतं.

मग कन्स्ट्रक्टिव्हिझमची, म्हणजे सजावट टाळून साध्या यंत्रयुगी आकारांत बांधायची लाट आली तर ह्याने शेती खात्याची इमारत काढली, लांबच लांब आडव्या खिडक्या, गोल वळवलेला कोपरा, नक्षी नावाला नाही. ती १९३३ ला पूर्ण होईपर्यंत वरच्यांची आवड फिरलेली, आता खांब आणि कॉर्निस (छताखालची नक्षीदार पट्टी) पाहिजेत. मॉस्क्वा हॉटेलचं मूळ डिझाइन सावेल्येव्ह आणि स्ताप्रान ह्या दोघा तरुणांचं, साधं आधुनिक, सांगाडा उभा राहिलेला, तेव्हा श्चुसेव्हला बोलावून सांगितलं की ह्याला आता भारदस्त कपडे घाला. हे दुखणं मला ठाऊक आहे. माझ्या एका क्लायंटने चौथा स्लॅब पडल्यावर रोमन खांब मागितले, लावले बाहेरून पोकळ जीआरसीचे (काचतंतू घातलेलं सिमेंट), त्यातला एक बरोब्बर बाथरूमच्या खिडकीपुढे आला, आजही त्या रस्त्याने जात नाही मी.

चहाटळ:
ते हॉटेल म्हणजे दोन बाजू वेगवेगळ्या असलेलंच ना? एकाच ड्रॉइंगवर दोन पर्याय काढले होते, स्टालिनने मधोमध सही ठोकली आणि कुठला हे विचारायची कुणाची छाती झाली नाही, म्हणून दोन्ही बांधले म्हणे 😄

टी_स्क्वेअर:
हो तेच, पण ती गोष्ट दंतकथा म्हणूनच घ्या. आणि जुनं हॉटेल २००४ मध्ये पाडलं, आता आहे ते त्याच्यासारखं दिसणारं नवं. खरी गोष्ट जास्त वाईट आहे. १९३७ मध्ये त्याच दोघा तरुणांनी प्रावदात, म्हणजे पक्षाच्या वर्तमानपत्रात, पत्र छापून श्चुसेव्हवर राजकीय आरोप केले, ते स्टालिनच्या धरपकडीचं वर्ष, असं पत्र म्हणजे जिवावर बेतण्यासारखं. त्याची पदं गेली. पण माणूस वाचला, परत आला, आणि पुढे लुब्यांकाच्या गुप्त पोलिसांच्या मुख्यालयाचं दर्शनी रूपही त्यानेच केलं. मठापासून तिथपर्यंत! तेव्हा रिकामटेकडा, तुमचं पूर्ण चुकत नाहीये. फक्त चार्टर्ड अकाउंटंटने साहेब बदलला तर आपण काही म्हणत नाही, आर्किटेक्टचं तेवढं सगळं रस्त्यावर उभं राहतं.

रिकामटेकडा:
मुख्यालयाचं माहीत नव्हतं. हे जरा जड जातंय.

भटक्या:
मी ह्याची एक इमारत पाहिलीये, ताश्कंदला, नवोई थिएटर. ग्रुपमधले सगळे शास्त्रीजींच्या पुतळ्याकडे गेले आणि मी तिथे. आत दालनं आहेत, बुखारा, खिवा, समरकंद अशी, प्रत्येकात त्या त्या गावच्या पद्धतीची गॅंचची म्हणजे जिप्समवरची कोरीव नक्षी, तिथल्या उस्तादांनी केलेली, मान दुखेपर्यंत वर बघत होतो. १९४७ चं काम, १९६६ च्या भूकंपात टिकलं. बांधायला जपानी युद्धकैदी होते. बाहेर भिंतीवर पाटी आहे त्यांच्या नावाने, पण तिच्यावर कैदी हा शब्द नाही, जपानी नागरिक असं लिहिलंय.