गाडीतला सबवूफर: डिकीत दणका, पुढच्या सीटवर काहीच नाही

प्रेषक: नोव्हायहून
शुक्रवार, रात्री

नमस्कार मंडळी,

गाडीतल्या आवाजाबद्दल सल्ला हवा आहे. आपल्या डेट्रॉइट परिसरात गाड्यांच्या कंपन्यांत आयुष्य घालवलेले बरेच जण आहेत, म्हणून आधी इथेच विचारतो.

गाडी सेडान, स्टिरिओ कंपनीचाच. तो बदलता येत नाही, कारण एसी आणि मागचा कॅमेरा त्याच पडद्यावर आहेत. डिकीत १२ इंची सबवूफर (फक्त बेस, म्हणजे खालचे जाड सूर, वाजवणारा मोठा स्पीकर) आहे, बंद पेटीत. त्याला चालवायला ५०० वॉटचा मोनो ॲम्प. सिग्नल मागच्या स्पीकरच्या वायरींवरून घेतलाय. सगळं काम एका दुकानातून करून घेतलं.

ढोल-ताशाची रेकॉर्डिंग लावून डिकी उघडली आणि मागे उभं राहिलं तर छातीत दणका बसतो. स्टेअरिंगवर बसलं की तोच ढोल म्हणजे टिपरूची नुसती टकटक, घुमारा गायब. आवाज वाढवला तर बेस वाढायच्या ऐवजी आणखी पातळ होतो. दुकानदार म्हणतो, ॲम्प कमी पडतोय, १००० वॉटचा घ्या.

मुलं पथकाच्या सरावाला जाताना गेल्या वर्षीची रेकॉर्डिंग गाडीत ऐकतात आणि त्यावरूनच ठेके पाठ करतात. ढोलच ऐकू येत नसेल तर त्यांनी पाठ काय करायचं? खर्च करायच्या आधी काय काय तपासावं, कृपया सांगा.

प्रेषक: कॅन्टनहून
शुक्रवार, रात्री उशिरा

दादा, १००० वॉटचा ॲम्प अजिबात घेऊ नका. वॉट दुप्पट केले की आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. कानाला तेवढा फरक जेमतेम कळतो. आणि डिकीत दणका बसतोय म्हणजे ॲम्प आणि सबवूफर दोन्ही काम करतायत. अडचण दुसरीकडे आहे.

एक साधा मल्टिमीटर घ्या. गाडी चालू ठेवून बॅटरीच्या दोन टोकांवर व्होल्टेज बघा. मग दणदणीत काहीतरी लावून ॲम्पच्या स्वतःच्या दोन टर्मिनलवर बघा. दोन्हींत अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक पडत असेल तर वाटेत कुठेतरी गळती आहे. दहापैकी आठ वेळा ती अर्थच्या (ॲम्पची ऋण वायर गाडीच्या पत्र्याला जोडतात त्या) बोल्टपाशी सापडते, असा माझा अनुभव. दुकानवाले डिकीत दिसेल त्या बोल्टला अर्थ आवळतात, खाली रंग तसाच. रंगातून वीज जात नाही. तो खरवडून उघड्या पत्र्यावर, शक्यतो दीड फुटाच्या आत अर्थ द्यायचा. आपल्याकडे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ पडतं, ओल्या बुटांबरोबर आणि सामानाबरोबर ते डिकीतही येतं. म्हणून बोल्ट आवळून झाल्यावर वरून ग्रीस किंवा रंगाचा हात मारा.

वायर कसली आहे तेही बघा. स्वस्तातल्या वायरीत वरून तांबं आणि आत ॲल्युमिनियम असतं. ॲल्युमिनियमची वहनक्षमता तांब्याच्या ६१ टक्क्यांच्या आसपास, त्यामुळे बाहेरून तेवढीच जाड दिसणारी वायर प्रत्यक्षात बारीक ठरते. टोक चाकूने खरवडलं की आतला पांढरा धातू दिसतो.

सबवूफरला दोन कॉइल (आतली तारेची वेटोळी) असतील तर त्यांची जोडणीही बघा. ४ ओहमच्या दोन कॉइल समांतर जोडल्या की २ ओहम होतात, मीटरवर २ च्या जरा खालीच आकडा दिसेल. त्यातली एक उलटी जोडलेली असेल तर दोन्ही एकमेकींविरुद्ध ओढतात आणि कोन (स्पीकरचा पुढे-मागे हलणारा पडदा) जवळजवळ हलतच नाही. ॲम्पच्या वायरी काढून १.५ व्होल्टचा सेल क्षणभर लावा. कोन स्पष्टपणे बाहेर आला पाहिजे. गाडीची बॅटरी यासाठी चुकूनही लावू नका.

आणि अर्थला हात लावण्याआधी बॅटरीचं ऋण टोक सोडवा. दुकानाने बॅटरीजवळ फ्यूज बसवलाय का, तेही त्याच वेळी बघून घ्या. नसेल तर बाकी सगळं राहू द्या, आधी तो बसवा. तेवढी जाड वायर पत्र्याला घासून शॉर्ट झाली तर गाडी पेटते.

प्रेषक: ट्रॉयहून, काका
शनिवार, सकाळी

चि. नोव्हायकर,

कॅन्टनच्या मुलाने सांगितलेलं आधी कर. सगळं बरोबर आहे. पण तुझ्या पत्रातली दोन लक्षणं विजेची वाटत नाहीत, त्याबद्दल सविस्तर लिहितो. नोकरीची सगळी वर्षं मी गाडीतला गोंगाट आणि कंपनं मोजण्यात काढली, त्यामुळे हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे.

पहिलं लक्षण, मागे दणका आणि पुढे काही नाही. आवाजाचा वेग सेकंदाला साधारण ३४३ मीटर. म्हणजे ८० हर्ट्झची लाट सव्वाचार मीटर लांब. दारातला स्पीकर तुझ्यापासून एखाद्या मीटरवर आहे, सबवूफर दोनेक मीटरवर. दोघांच्या लाटा तुझ्या कानाशी पोचतात तेव्हा त्या बरोबरीने चालत नसतात. त्यात ॲम्पचा लो-पास फिल्टर (फक्त खालचे सूर सबवूफरकडे सोडणारा) भर घालतो. दर सप्तकाला २४ डेसिबल उतार असलेला फिल्टर त्याच्या नेमलेल्या वारंवारतेवर लाट अर्धी फिरवतो, चक्क १८० अंश. म्हणून धनाला धन आणि ऋणाला ऋण जोडलं की काम झालं, असं होत नाही. एक स्पीकर हवा पुढे ढकलत असतो, त्याच क्षणी दुसरा मागे ओढत असतो आणि मधोमध बसलेल्या माणसाला बेस मिळत नाही. मागे उभं राहिल्यावर दारातले स्पीकर लांब पडतात, वजाबाकी करायला कोणी उरत नाही, म्हणून तिथे दणका.

उपाय फुकट आहे. ॲम्पवर फेजचं, म्हणजे लाट उलटी करायचं, बटण असेल तर ते ० वरून १८० वर कर. नसेल तर सबवूफरच्या दोन वायरींची अदलाबदल कर. डिकी बंद, तू चालकाच्या सीटवर, बदल दुसऱ्या कोणाला तरी करायला सांग. ज्या जोडणीत बेस भरीव वाटेल ती ठेव. कागदावर कोणती बरोबर ठरते याला महत्त्व नाही.

पेटीही फिरवून बघ. सेडानमध्ये सबवूफरचं तोंड मागे, पेटी डिकीच्या मागच्या कडेला, असं बऱ्याचदा चांगलं जमतं. मागच्या सीटमधली सामानासाठीची खिडकी उघडून ऐक. खूप फरक पडला तर सीट बेस अडवते आहे असं समज.

दुसरं लक्षण जास्त महत्त्वाचं आहे. आवाज वाढवला की बेस पातळ होतो. कंपनीचे बरेच स्टिरिओ हे मुद्दाम करतात. दारातले छोटे स्पीकर मोठ्या आवाजात फाटू नयेत म्हणून आवाज चढेल तसा खालचा पट्टा आपोआप कापला जातो. तू सिग्नल तिथूनच घेतला आहेस. स्टिरिओने जे आधीच काढून टाकलं, ते १००० वॉटचा ॲम्प कुठून आणणार?

आणखी एक गोष्ट दुकानदाराने बहुतेक पाहिलीच नसेल. तुझ्या गाडीच्या छताला, आतून, जाळीमागे छोटे मायक्रोफोन आहेत का बघ. बऱ्याच नव्या गाड्यांत इंजिनाची घरघर मारण्यासाठी ते बसवतात. घरघर ऐकून स्टिरिओ तिच्या बरोबर उलटी लाट स्पीकरमधून सोडतो. सबवूफरचा बेसही त्याला घरघरच वाटतो, आणि तो इमानेइतबारे मारायला जातो. एकच गाणं, एकाच आवाजात, आधी इंजिन बंद ठेवून आणि मग चालू करून ऐक. चालू केल्यावर बेस पडला किंवा विचित्र गुरगुर आली, तर कारण हेच. त्या यंत्रणेचं कनेक्शन काढता येतं, पण तुझ्या मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल बघूनच काढ.

प्रेषक: ॲन आर्बरहून
शनिवार, दुपारी

काका, तुमचं पत्र वाचून आमच्या गाडीत सगळे प्रयोग करून पाहावेसे वाटले!

मी तबला शिकवते, तर माझ्याकडून एक भर. फेज तपासताना ढोल-ताशा लावू नका. तिथे इतकं काही एकदम वाजत असतं की कान फसतो. एकल तबलावादन लावा आणि डग्ग्यावरची घीस ऐका. मनगट सरकत जातं तसा डग्ग्याचा सूर सलग चढतो. दारातले स्पीकर आणि सबवूफर जिथे एकमेकांना भेटतात, त्याच भागातून तो जातो. घीस अखंड ऐकू आली तर जुळणी उत्तम. मधेच दबली, जणू वादकाने हात उचलला, तर त्या जागी दोघं भांडतायत. माझे विद्यार्थी वर्गाला येताना गाडीत ऐकतात आणि डग्गा हलका वाजवायला शिकतात, कारण त्यांनी तो तसाच ऐकलेला असतो. म्हणून नोव्हायकरांची तळमळ मला पटते.

प्रेषक: नोव्हायहून
रविवार, संध्याकाळी

सगळ्यांचे मनापासून आभार. काय सापडलं ते सांगतो.

बॅटरीवर १४.१ व्होल्ट, ॲम्पवर दणक्याच्या वेळी १२.७. अर्थचा बोल्ट उघडला तर खाली फॅक्टरीचा रंग जसाच्या तसा. पॉलिश पेपरने घासून पत्रा उघडा केला, आता फरक ०.३ वर आलाय. फ्यूज जागच्या जागी आहे, कॉइलही बरोबर जोडलेल्या निघाल्या. ठोका त्याने घट्ट झाला, पण पुढच्या सीटवर फारसं काही बदललं नव्हतं.

खरा बदल फेजने झाला. बायकोने मागे वायरी उलट्या केल्या, मी पुढे बसून घीस ऐकत होतो. आधी ती मधे दबत होती, वायरी बदलल्याबरोबर पूर्ण आली. पेटीचं तोंड मागे केल्यावर आणखी भर पडली. छताला मायक्रोफोन आहेत, पण इंजिन चालू-बंद केल्याने काही फरक जाणवला नाही, म्हणून त्यांना हात लावला नाही.

एक गोष्ट मात्र तशीच आहे. आवाज निम्म्याच्या वर नेला की बेस अजूनही उतरतो.

प्रेषक: ट्रॉयहून, काका
रविवार, रात्री

छान केलंस. उरलंय ते स्टिरिओचं काम, आणि आता पैसे खर्च करायचे तर फक्त इथे. कापलेला बेस आवाजाच्या पातळीनुसार परत भरून देणारे लाइन आउटपुट कन्व्हर्टर (स्पीकरच्या वायरींवरचा सिग्नल ॲम्पला चालेल असा करून देणारी छोटी पेटी) मिळतात. नव्या ॲम्पपेक्षा ते बरेच स्वस्त पडतात. दुकानात ‘बेस रिस्टोरेशन आहे का’ एवढं स्पष्ट विचार, साध्या कन्व्हर्टरमध्ये ते नसतं.

तो बसवल्यावर ॲम्पचा गेन नव्याने लाव. गेन म्हणजे आवाजाचं बटण नव्हे, स्टिरिओच्या सिग्नलशी ॲम्प जुळवून घेण्याचं बटण. आधी सबवूफरच्या वायरी काढ, ॲम्पवरचा बेस बूस्ट शून्यावर ठेव. ४० हर्ट्झचा टेस्ट टोन लाव, स्टिरिओ तीन चतुर्थांशावर. मग ॲम्पच्या आउटपुटवर एसी व्होल्टेज बघत गेन चढव. तुझ्या ५०० वॉट आणि २ ओहमला ३१.६ व्होल्ट ही वरची हद्द, ५०० गुणिले २ चं वर्गमूळ. मी तुझ्या जागी असतो तर २८ लाच थांबलो असतो. लो-पास ८० वर ठेव. सबसॉनिक फिल्टर (अगदी तळाचे सूर कापणारा) असेल तर तो २५ च्या आसपास हवा. कोणी ५० वर नेऊन ठेवला असेल तर ढोलाचं पोटच कापलं जातं.

थंडीत सकाळी बेस पातळ वाटला तर काही फिरवत बसू नकोस. कोनाभोवतीचं रबर गारठून कडक झालेलं असतं, गाडी गरम होऊ दे.

टेस्ट टोनची फाइल आणि माझा चांगला मल्टिमीटर घेऊन पुढच्या शनिवारी सरावाला येतो. कन्व्हर्टर तोवर आला असेल तर पार्किंगमध्येच गेन लावून टाकू. मुलांनाही बघू दे.

प्रेषक: कॅन्टनहून
रविवार, रात्री

मीही येतो. अर्थसाठी तांब्याची ४ गेजची वायर माझ्याकडे पडून आहे, दादा, नवी घेऊ नका.