मॉन्स्टर मुसुमे नो ओइशा-सान : डॉक्टरकी की डॉक्टरकीचा बहाणा?

खारी_बिस्कीट :
काल 'सध्या काय बघताय' या धाग्यावर एका महाशयांनी या जपानी अ‍ॅनिमेशन मालिकेबद्दल लिहिलं, "डॉक्टरकीवरचा इतका अभ्यासू अ‍ॅनिमे दुसरा नाही. ज्यांना त्यात अश्लील दिसतं त्यांनी आधी आपला चष्मा पुसावा."

पुसला. बाराच्या बारा भाग बघितले. आता ऐका.

लिंडवर्म शहर, माणसं आणि मॉन्स्टर यांच्यातलं शंभर वर्षांचं युद्ध संपलेलं, दोघंही एकाच गल्लीत नांदतायत. ग्लेन हा माणूस-डॉक्टर आणि कमरेखाली नागीण असलेली सॅफी मिळून दवाखाना चालवतात. कल्पना झकास आहे, तिथे वाद नाही. पण पेशंट बघा. सेंटॉर (कमरेखाली घोडा), जलपरी, हार्पी (अर्धी पक्षीण), कोळीण (जाळं विणणारी, पाटीवाली नव्हे), सायक्लॉप्स (एकडोळी), ड्रॅगन. सगळ्या तरुण, सगळ्या देखण्या, आणि थोड्याफार फरकाने सगळ्यांचा डॉक्टरवर डोळा. सायक्लॉप्सचा तर असलेला एकुलता एक. एवढ्या मोठ्या शहरात एकाही सेंटॉर आजोबांचे गुडघे दुखत नाहीत? चार पाय आहेत हो त्यांना!

जलपरीच्या कल्ल्यांना मलम लावायचं. दोन मिनिटांचं काम. तिथे कॅमेरा आणि आवाज असे, की हेडफोन नीट लागलाय ना हे मी तीनदा चाचपलं. आई बाहेर शेंगा सोलत बसली होती.

आठवा_मजला :
ते महाशय मीच. नमस्कार.

चष्मा पुसलात, पण बघितलंत ते अर्धंच. पहिल्या भागात सेंटॉर टिसालिया आखाड्यात सारखी हरते. सगळ्यांना वाटतं पोरगी कच खाते. ग्लेनला कळतं की दुखणं खुरात आहे, आणि उपाय काय, तर नाल. चमत्कार नाही, मंत्र नाही. शेवटी ड्रॅगन स्काडीच्या हृदयाजवळची गाठ काढतात त्यासाठी दोन भाग खर्ची घातलेत. जादूच्या दुनियेत कांडी फिरवून मोकळं होणं सोपं होतं, इथे टाके घालतात. मूळ लाइट नॉव्हेल (छोट्या सचित्र जपानी कादंबऱ्या) २०१६ पासूनच्या आहेत, त्यात या शरीरांबद्दल पानंच्या पानं आहेत. २०२० च्या अ‍ॅनिमेत २४ मिनिटांच्या भागात ते सगळं मावलं नाही, एवढीच तक्रार मला मान्य आहे.

खारी_बिस्कीट :
म्हणजे शरीरशास्त्र मावलं नाही आणि कण्हणं तेवढं मावलं. बरोबर?

गोठ्यातला_डॉक्टर :
मी जनावरांचा डॉक्टर, बावीस वर्षं ऊसपट्ट्यात. लेकीने हा पहिला भाग मुद्दाम लावून दिला, "बाबा, तुमच्या धंद्याचं आहे" म्हणून. नंतर तिनेच घाईघाईने बंद केला. त्यामुळे बाकीचं माहीत नाही, नालेवर बोलतो.

निदान पटलं. घोडा म्हणजे एकेका पायाला एकाच बोटावर, तेही नखावर उभं असलेलं जनावर. त्याचं जवळपास साठ टक्के वजन पुढच्या दोन पायांवर. त्यात या पोरीला मानेच्या जागी अख्खं माणसाचं धड, वर हातात शस्त्र. पुढची खुरं झिजणार नाहीत तर काय? फक्त नाल एकदा ठोकली की झालं असं नसतं. खूर महिन्याला सेंटीमीटरभर वाढतं, सहा-आठ आठवड्यांनी नाल काढून, खूर तासून पुन्हा बसवावी लागते. खिळा बाहेरच्या कडेतूनच जायला हवा, तिथे संवेदना नसते. जरा आत गेला की जनावर लंगडलंच. मालिकेत हे दाखवलं असतं तर बघितलं असतं.

आमच्याकडे गळीत हंगामात बैलगाडीचे बैल डांबरी रस्त्यावर मरणाचे राबतात, त्यांच्या खुरांना लोखंडी पत्र्या मारतात. पत्री मारणारे आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरलेत. अ‍ॅनिमे काढायचा तर त्यांच्यावर काढा.

संत्रागोळी :
पत्री काय म्हणता बाप्पा? बैलाले नाल ठोकतेत. आमच्या आबांचा सगळा जनम नाल म्हणण्यात गेला.

गोठ्यातला_डॉक्टर :
नाल घोड्याची. बैलाचं खूर दुभंगलेलं, एका पायाला दोन तुकडे, म्हणून पत्री. चार पायांना आठ. घोडा उभ्या-उभ्या पाय देतो, बैल दोरांनी बांधून पाडावा लागतो. वस्तू वेगळी, पद्धत वेगळी, शब्दही वेगळा.

संत्रागोळी :
तुमच्या पट्ट्यात असन. सगळा महाराष्ट्र काय ऊसातच उगवते का? तुमचा शब्द तो शुद्ध आन् आमचा अडाणी, हे नेहमीचंच हाय.

गोठ्यातला_डॉक्टर :
अडाणी मी म्हटलेलं नाही. उगाच अंगावर येऊ नका. बावीस वर्षांत 'ढोरडॉक्टर' ऐकून घेतलंय मी. मुलगी बघायला गेलो तर तिचे वडील म्हणाले होते, "म्हणजे खरे डॉक्टर नाही ना?" शब्द कसा लागतो ते मला शिकवू नका.

खारी_बिस्कीट :
धागा अ‍ॅनिमेचा आहे. बैल बाजूला बांधा.

उकडीचा_मोदक :
मी अ‍ॅनिमे बघत नाही, भाऊ बघतो. पण 'चष्मा पुसा' वाचून राहवलं नाही.

एकोणीस वर्षांची असताना छातीत धडधडतं म्हणून ईसीजी काढायला गेले. पडदा अर्धवट, दार उघडं, शिकाऊ पोरं तीन. "कुर्ता वर करा", बस. का, कुठे काय लावणार, कोणीही सांगितलं नाही. एक जण दुसऱ्याला कोपर मारून हसला. रिपोर्ट नॉर्मल आला. त्यानंतर सहा वर्षं मी कुठल्याही डॉक्टरकडे एकटी गेले नाही, दाताच्यासुद्धा.

आता मला सांगा, बाई तपासणीच्या टेबलावर अवघडून पडलीय आणि त्याची गंमत करायची, यात अभ्यास कुठला?

आठवा_मजला :
तुमच्याबाबत झालं ते वाईटच. पण ग्लेन तसा नाही. सॅफी बहुतेक वेळा बाजूला असते, म्हणजे तपासताना दुसरी बाई खोलीत हवी हा नियमही पाळला जातो. त्याच्या मनात काही नसतं, उलट तोच लाजतो.

उकडीचा_मोदक :
ती दुसरी बाई पेशंटसाठी असते की पेशंटवर जळायला? भावाने सांगितलंय मला.

आणि डॉक्टरची नियत स्वच्छ ठेवायची आणि कॅमेऱ्याची घाण, ही तर जुनी युक्ती. बघणाऱ्याला सगळं मिळतं आणि हिरोच्या अंगाला काही लागत नाही. माझ्या वेळेला ती तीन पोरं होती ना, इथे ती जागा कॅमेऱ्याला दिलीय.

आठवा_मजला :
…ठीक. हे असं मी बघितलं नव्हतं. मलमाचा प्रसंग अति आहे, मान्य. तरी गाठीचे दोन भाग चांगलेच आहेत, ते मी सोडणार नाही.

पावणेदोन_कप :
असंच पण सोज्ज्वळ हवं असेल तर २०१७ चा 'डेमी-चान वा कातारिताई' बघा. जीवशास्त्राचा मास्तर, वर्गात मुंडकं हातात घेऊन फिरणारी डुलाहान. तिचा गळा आणि धड कशाने जोडलेत यावर चक्क भौतिकशास्त्रातून चर्चा होते.

खारी_बिस्कीट :
तो आवडतो मला. पण खरं बोलायचं तर तिथेही पोरी मास्तरवर भाळतातच, आणि त्या शाळकरी आहेत. ग्लेनच्या बऱ्याचशा पेशंट निदान मोठ्या तरी आहेत. हे आठवा_मजला यांच्या बाजूने जातंय, दात-ओठ खाऊन लिहितेय.

आठवा_मजला :
स्क्रीनशॉट काढून ठेवला.

जुनाट_कपाट :
जपानी चित्रकथाकार तेझुका स्वतः डॉक्टरकी शिकलेला माणूस होता. १९७३ मध्ये त्याने 'ब्लॅक जॅक' ही डॉक्टरवरची चित्रकथा…

खारी_बिस्कीट :
आलात? म्हटलं अजून कसा तेझुका निघाला नाही.

गोठ्यातला_डॉक्टर :
लेकीला विचारलं. म्हणाली पुढे हार्पीचं अंडं घालण्याचाही प्रसंग आहे. अंडं अडकणं हे कोंबडीत, पोपटात नेहमीचं. ऊब, कॅल्शियम, थोडं वंगण. वेळ गेला तर पक्षी दगावतो. माझ्याकडे असा पक्षी आला की मला घाम फुटतो, त्यात कोणाला काय मजा वाटत असेल कळत नाही. तो भाग मी बघणार नाही.

संत्रागोळी, चुलत्याशी बोललो. ते जालन्याकडे असायचे, तिकडे बैलाच्यालाही नाल म्हणणारे आहेत म्हणाले. तुमच्या आबांचं बरोबर. माझंही बरोबर.

संत्रागोळी :
झालं का समाधान? आता ते आठ तुकडे कसे बसवतेत त्याचा फोटो टाका. आमच्याकडचा नालवाला बाहेरच्या नखीलेच ठोके, चारच.

गोठ्यातला_डॉक्टर :
चार? डांबरी रस्त्यावर आठवडाभर टिकणार नाहीत. उद्या अड्ड्यावर जातोच आहे, मालकाला विचारून फोटो टाकतो.

उकडीचा_मोदक :
आणि बैलाला कोण विचारणार?