'आनुवंशिक' म्हणजे होणारच का?

ऐरोली:
मुलगी तीन वर्षांची. कोपरांच्या घडीत इसब, रात्रभर खाजवते. दवाखान्यातल्या माहितीपत्रकात 'अनुवांशिक जोखीम घटक' असं छापलंय. ते वाचून सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे तुझ्याकडूनच आलं. तुझ्या भावाला दमा आहे ना!" शब्द बरोबर आहे का, आणि त्याचा अर्थ खरंच असा होतो का?

नौपाडा, ठाणे:
ताई, शब्द 'आनुवंशिक'. अनुवंशाला 'इक' लागला की पहिल्या स्वराची वृद्धी होते, समाज-सामाजिक तशी. 'वांशिक' हा वेगळा शब्द कानात बसलेला असतो, म्हणून 'वां' घुसतो.

खरा घोळ 'जोखीम घटक'मध्ये आहे. जोखीम आपण उचलतो, पत्करतो. ती अंगात घेऊन कुणी जन्माला येत नाही. मी तिथे 'कल' लिहीन: त्वचेचा इसबाकडे कल. फिलॅग्रिनचंच बघा. हे प्रथिन कातडीचा वरचा थर घट्ट आणि ओलसर ठेवतं. त्याचं जनुक पहिल्या क्रमांकाच्या गुणसूत्रावर असतं. त्यातल्या दोषाचा इसबाशी संबंध २००६ मध्ये उघड झाला. पण दोष असूनही अनेकांना इसब होत नाही आणि दोष नसलेल्या अनेकांना होतो. दमा, धुळीची सर्दी, इसब ही एकाच गोतावळ्यातली, हे खरं. कल मात्र आईकडून येतो तसा वडिलांकडूनही. दोष कुणाच्याच माथी मारू नका. फिलॅग्रिनच्या जनुकात दोष असलेल्यांच्या तळव्यांवर बऱ्याचदा रेषांची दाटी असते, नडग्यांवर खवले धरतात.

कळवा:
'खरूज' म्हणू नका, एवढंच. ती किड्याने होते, लागते. इसब लागत नाही. आमच्या मुलाला बालवाडीत त्या एका शब्दापायी महिनाभर वेगळं बसवलं होतं.

ऐरोली:
काका, तुमचं उत्तर घरी मोठ्याने वाचलं. तळव्यांपाशी आले तशा सासूबाई गप्प झाल्या. मग नातीचा हात ओढून आपल्या हाताशेजारी धरला. दोन्हींवर बारीक रेषांचं जाळं. "थंडीत माझ्या नडग्या माशासारख्या होतात," म्हणाल्या. आता मलम त्याच लावतात, आंघोळ झाल्या झाल्या, अंग ओलसर असतानाच. आणि शेजारणीने विचारलं तर सांगतात, "आमच्या घरची कातडीच कोरडी."