रात्रीची गोळी नेमकी कोणासाठी?

खडीसाखर
सासूबाई 79 वर्षांच्या, अल्झायमर. दिवस बरा जातो. दिवेलागण झाली की सुरू. पिशवीत टॉवेल आणि फणी कोंबायची, चपला घालायच्या आणि दाराच्या कडीशी झटापट. ‘म्हशी सोडायच्यात, अण्णा ओरडतील.’ अण्णा म्हणजे त्यांचे वडील, जाऊन जमाना झाला. रात्री दोनला पुन्हा तेच. एकदा खालच्या मजल्यावर सापडल्या, अनवाणी. मानसोपचारतज्ज्ञांनी रात्री 12.5 मिग्रॅ क्वेटियापिन दिलं, भास-भ्रमांसारख्या मानसिक त्रासावरचं औषध. आता चार-पाच तास सलग झोपतात, मीही झोपते.

दिवाळीला नणंद आली, तिनं पाकीट पाहिलं, मोबाईलवर वाचलं आणि सगळ्यांसमोर म्हणाली, ‘आईला गुंगीत ठेवलंय तुम्ही.’

माझं मत असं की सांभाळणारं माणूसच आडवं झालं तर त्या बाईंचं काय होणार? माझी झोप हाही त्यांच्या उपचाराचाच भाग आहे. पटत नसेल तर जरूर सांगा, फक्त कारणासकट.

कोरेगावकर
कारणासकट असहमत. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेने, 2005 मध्ये क्वेटियापिनच्या गटातल्या औषधांवर काळ्या चौकटीत इशारा छापायला लावला, तो नेमका डिमेन्शियाच्या (स्मृतिभ्रंशाच्या, अल्झायमर त्यातलाच) वृद्धांसाठी. 17 चाचण्या एकत्र पाहिल्या होत्या. साधारण 10 आठवड्यांच्या चाचणीत औषध घेणाऱ्यांपैकी सुमारे 4.5 टक्के दगावले, नुसती दिखाऊ गोळी घेणाऱ्यांपैकी 2.6. कारणं मुख्यतः हृदयाची, नाहीतर न्यूमोनियासारखे संसर्ग. 2008 मध्ये हॅलोपेरिडॉलसारख्या जुन्या औषधांवरही तोच इशारा आला.

आमच्या वडिलांना दुसरीच गोळी होती, क्लोनाझेपाम, गुंगी आणणारी. पहाटे लघवीला उठले, गुंगीत तोल गेला, खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन नीट झालं, पण पुन्हा चालले नाहीत. तुमची नणंद बोलली वाईट पद्धतीनं, पण मुद्दा तिचा बरोबर आहे. गोळी घराच्या सोयीसाठी आहे.

मधली आळी
कोरेगावकर, शंभरात दोन जास्त. आकडा लहान नाही, मान्य. पण रात्री रस्त्यावर गेलेल्या म्हातारीचा धोका किती टक्के, तो कुठल्या चौकटीत छापतात? आणि ‘सोय’ हा शब्द शिवीसारखा का वापरता? ज्या घरात रात्री जागायला दुसरं कोणी नाही, तिथं सोय म्हणजे जगणंच.

पाळी_बदल (वृद्धांच्या वॉर्डात नर्स)
दोघेही भांडा, पण आधी लघवी तपासून घ्या.

गंमत नाही. अचानक वाढलेली रात्रीची तडफड पुष्कळदा डिमेन्शियाची नसतेच. लघवीचा संसर्ग, तीन दिवस पोट साफ नसणं, सोडियम कमी होणं, गुडघेदुखी. ज्याला ‘दुखतंय’ म्हणता येत नाही तो ओरडतो, ओरबाडतो. नॉर्वेतल्या नर्सिंग होममध्ये 352 जणांवर अभ्यास झाला होता, 2011 मध्ये प्रसिद्ध झाला. वेदनेवर पायरीपायरीनं उपचार केले, बहुतेकांना साधं पॅरासिटामॉलच, आणि तडफड लक्षणीय कमी झाली.

आता घरची औषधं बघा. डोनेपेझिल, म्हणजे अल्झायमरमध्ये स्मृतीसाठी देतात ती गोळी, रात्री देता का? काहींना त्यानं झोप उडते, भयानक स्वप्नं पडतात. डॉक्टरांना विचारून सकाळी देता येतं. सर्दीच्या, खाजेच्या ज्या गोळ्यांनी झोप येते त्या तर या आजारात गोंधळ वाढवतात. घरोघरी त्या ‘साध्या’ म्हणून दिल्या जातात.

खडीसाखर
लघवी तपासली, नॉर्मल. डोनेपेझिल सकाळीच आहे. सकाळी गच्चीत ऊन, दुपारी दोननंतर चहा बंद, संध्याकाळी सगळे दिवे लावून हातात पावट्याच्या शेंगा सोलायला. शेंगांनी अर्धा तास निभावतो, हे खरंच चांगलं आहे. पण रात्री दोनला शेंगा कोण आणून देणार? रात्रीची बाई ठेवायची तर माझा निम्मा पगार जातो.

गुडघ्यांचं मात्र विचारते. जिना उतरताना कण्हतात.

ऐन_दुपारी
एक गोष्ट सुटतेय. निदान कोणतं, यावर सगळं आहे. आमच्या काकांना अंगणात लहान मुलं दिसायची. घाबरायचे नाहीत, त्यांना चुरमुरे द्या म्हणायचे. कोणीतरी भास म्हणून हॅलोपेरिडॉल लिहिलं. दोन दिवसांत अंग लाकडासारखं कडक, घोट गिळता येईना. नंतर कळलं, तो लुई बॉडी डिमेन्शिया होता, अल्झायमरहून वेगळा प्रकार. त्यात या गोळ्या थोड्याशाही अंगावर येऊ शकतात. तेव्हा ‘डोस कमी आहे’ एवढ्यावर निर्धास्त राहू नका. चालताना पावलं घासतात का, हात थरथरतात का, झोपेत हातपाय झाडायच्या का, हे डॉक्टरांना सांगा.

(आणि मुलं दिसली तर दिसू देत. चुरमुऱ्यांनी कोणाचं काय बिघडलं?)

सदाफुली
झोपेचंच चाललंय, मूडचं कोणी बोलेना. आमचे हे दुपारी रडत बसतात. नैराश्यावरची सर्ट्रालिन सुरू केल्यावर महिनाभरात रडणं बरंच थांबलं. मला तर गुण दिसला.

कोरेगावकर
सदाफुलीताई, ब्रिटनमध्ये 326 रुग्णांवर मोठी चाचणी झाली, 2011 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आली. अल्झायमरमधल्या नैराश्यावर सर्ट्रालिन आणि मिर्टाझापिन, दोन्ही दिखाऊ गोळीपेक्षा सरस ठरली नाहीत.

पाळी_बदल
पण त्याच चाचणीत दिखाऊ गोळीवाल्यांचाही मूड सुधारला होता, तेही सांगा. नियमित कोणीतरी येऊन विचारपूस करतं, त्याचाही वाटा असणार. शिवाय ती सरासरी आहे. ज्यांना आधी तरुणपणी नैराश्य होतं, जे जेवण सोडतात, मरायचं म्हणतात, त्यांचा विचार वेगळा होतो. ताई, कोणाचं वाचून गोळी एकदम बंद करू नका.

सदाफुली
बंद नाही करणार. आणि विचारपूस मीच करते हो, सगळा दिवस.

कोरेगावकर
मला खरा राग कशाचा येतो सांगू? सुरू करताना सगळे विचार करतात, थांबवताना कोणी नाही. मेडिकलवाला जुनी चिठ्ठी बघून देत राहतो, डॉक्टर ‘चालू ठेवा’ म्हणतात आणि गोळी वर्षानुवर्षे पोटात जाते. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेची 2016 ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात की चार आठवड्यांत फरक नसेल तर कमी करून बंद करा, आणि फरक असला तरी चार महिन्यांच्या आत कमी करून बघा. खडीसाखर, तुमची किती दिवस चालू आहे?

खडीसाखर
गणपतीच्या आधीपासून. हे मला कोणीच सांगितलं नव्हतं. कमी करून बघण्याची तारीख पुढच्या भेटीत मागते. पण तेवढे दिवस मला रात्री माणूस लागेल. नणंदेला तसा मेसेज टाकलाय, त्या पंधरवड्यात तू इथं राहायला ये.

मधली आळी
‘ऑफिसला सुट्टी नाही’ येईल बघा.

कोरेगावकर
आली तर? मी तिच्या बाजूनं बोलतोय म्हणून नाही, पण दूर राहणारी मुलं येऊन चार रात्री जागली की भांडण निम्मं मिटतं. आमच्या घरी धाकटा आला तेव्हा तसंच झालं.

खडीसाखर
आली तर दाराशी कोण झोपायचं ते आम्ही ठरवू. पाळी_बदल, एक विचारायचंय. आत्ताच 25 ची अर्धी गोळी देते. याहून कमी कसं करायचं?

पाळी_बदल
ते लिहून देणाऱ्यालाच विचारा, घरी सुरीनं तुकडे करत बसू नका. आणि पाकीट नीट बघा. नावापुढे एसआर किंवा एक्सआर (हळूहळू विरघळणारी) लिहिलं असेल तर ती गोळी मोडायचीच नसते. मोडली तर रात्रभर पुरायचा डोस एकदम उतरतो.

खडीसाखर
बघितलं. साधी आहे.